पडद्यावरची हेर आणि मांडवीतली हौसाताई

महायुद्धातली हेरकथा म्हटली की आपल्याला लंडन, पॅरिस, बर्लिन आठवतं. आज आपण रत्नागिरीहून नकाशावर बोट जरा खाली, दक्षिणेला सरकवणार आहोत. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ साली. म्हणजे आपण ज्या काळाबद्दल बोलतोय, त्या काळात मालवण-वेंगुर्लं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. वेंगुर्ल्याहून पुढे तेरेखोलची खाडी लागते आणि खाडीपलीकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं.

पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता, ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यामुळे गोव्यात ब्रिटिशांना उघडपणे शिरता येत नव्हतं. तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला थांबलं होतं. त्यांपैकी 'एहरेनफेल्स' या जहाजावर गुप्त ट्रान्समीटर आहे आणि तिथून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. शेवटी ९ मार्च १९४३ च्या रात्री 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी पलटणीतल्या उतारवयाच्या मंडळींनी एका बार्जमधून येऊन 'एहरेनफेल्स'वर छापा घातला. चारही जहाजं बुडाली. हे प्रकरण ब्रिटिशांनी कित्येक वर्षं झाकून ठेवलं. १९७८ मध्ये जेम्स लीसर यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, १९८० मध्ये 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन असे मोठे नट त्यात होते. आणि त्यात एक गूढ, देखणी स्त्री-हेरही होती. ही बाई मूळ घटनेत नव्हती. हेरपट आहे, तर बाई हवीच, म्हणून ती घातली.

आता गंमत बघा. त्याच गोव्यात, जेमतेम वर्षभरानंतर, एक खरीखुरी बाई गुप्त कामगिरीवर आली होती. तिच्यासाठी कुणी पटकथा लिहिली नाही. तिचं नाव हौसाताई पाटील.

हौसाताई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. जन्म १९२६ चा. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, बडे नेते तुरुंगात गेले आणि सातारा जिल्ह्यात चळवळ भूमिगत झाली. १९४३ मध्ये तिथे प्रतिसरकार उभं राहिलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा साताऱ्यातच मोडत होता. प्रतिसरकारची तुफान सेना सरकारी गाड्या अडवायची, डाक बंगले जाळायची, पोलिसांची हत्यारं पळवायची. पण आग लावण्याआधी कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं. बंगल्यात पोलीस किती, ते कधी येतात, जागा रिकामी कधी असते? ही टेहळणी हौसाताईंसारख्या मुली करत. पुरुषांनी नंतर जे केलं त्याची नोंद झाली. आधी जाऊन कोण बघून आलं, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

१९४३ मधला भवानीनगरचा प्रसंग हौसाताई स्वतः सांगत. पोलीस ठाण्यासमोर एक 'नवरा' आपल्या 'बायको'ला बडवतोय. बायको ओरडतेय, मी याच्याकडे नांदायला जाणार नाही, हा मला मारून टाकेल. पोलीस बाहेर आले, बघू लागले, मध्ये पडले. तेवढ्यात मागे साथीदारांनी बंदुका आणि काडतुसं लांबवली. तो नवरा म्हणजे चळवळीतलाच एक साथीदार. नाटक खरं वाटावं म्हणून त्याने मारलंही खरंच, आणि ती तक्रार हौसाताईंनी म्हातारपणापर्यंत केली!

हे नाटक वठलं कशामुळे? नवऱ्याचा मार खाणारी बाई हे दृश्य पोलिसांना इतकं ओळखीचं होतं, की त्यामागे डाव असेल अशी शंकाही कुणाला आली नाही. चित्रपटातली हेर स्त्री सगळ्यांच्या नजरेत भरते. हौसाताईंचं हत्यार नेमकं उलटं होतं. बाईकडे कुणी नीट बघतच नाही, हे त्यांना माहीत होतं.

१९४४ मध्ये त्या गोव्यात गेल्या. चळवळीला लागणारी हत्यारं गोव्यातून येत. ती आणताना बाळ जोशी हे साथीदार पोर्तुगीजांच्या हाती लागले होते. हौसाताई बहीण म्हणून तुरुंगात त्यांना भेटल्या. सुटकेचा बेत त्यांनी अंबाड्यात लपवून नेला होता. परतताना उघड रस्ता धरणं धोक्याचं होतं. म्हणून मध्यरात्री मांडवी ओलांडायची ठरलं. एका लाकडी पेटीवर हौसाताई, आणि बाजूने साथीदार पोहतायत. खाडीचं पाणी, भरती-ओहोटीची ओढ म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता इतिहासाचा अभ्यासक विचारणार, पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. मुंबईत उषा मेहतांनी ऑगस्ट १९४२ मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये छापा पडला, खटला चालला, शिक्षा झाली. त्यामुळे कागद उरले, आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला. मांडवीच्या त्या रात्री हौसाताई सापडल्या नाहीत. सापडला त्याची फाइल होते, निसटला त्याची होत नाही. भूमिगत काम जितकं चोख, तितका त्याचा पुरावा कमी. म्हणून इथे तोंडी आठवण हाच मुख्य दस्तऐवज ठरतो. तो तपासून घ्यावा लागतो. सत्तर वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत तपशील इकडेतिकडे होतात. पण कागद नाही म्हणून माणूसच नव्हतं, असं म्हणता येत नाही. तसं म्हटलं, तर आपल्या इतिहासात फक्त पकडले गेलेलेच उरतील.

हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या. आपण फार मोठं काही केलं नाही, असंच त्या शेवटपर्यंत म्हणत. पत्रकार त्यांच्या घरी जाऊन बसले, त्यांचं बोलणं नोंदवून घेतलं, म्हणून आज आपल्याला हे बोलता येतंय.

तेव्हा एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, वाडीत कुणी आजी असेल, तिला विचारा. बेचाळीसचं सांगणारं आता क्वचितच कुणी भेटेल, पण तिच्या आईने, सासूने कुणाला माळ्यावर लपवलं, कुणाला रात्री भाकरी पोचवली, ते ती सांगेल. नाव, गाव, साल लिहून घ्या. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे.

बरं, आता प्रश्न घेऊ या.