फाशांच्या अपुरेपणातून जन्मलेली प्रतवारी

जुन्या हंगामांतील बेसबॉलपटूंना टेबलावर पुन्हा मैदानात उतरवणाऱ्या खेळांत प्रत्येक खेळाडूला जी आकडेबद्ध प्रतवारी दिली जाते, तिचे मूळ बहुधा ईथन ॲलनच्या चकतीत शोधले जाते. व्यावसायिक खेळाडू राहिलेल्या ॲलनच्या ‘ऑल-स्टार बेसबॉल’मध्ये (१९४१) खेळाडूगणिक एक चकती असे, तिच्या कडेला होमरन, वॉक, स्ट्राइकआउट अशा निकालांचे लहानमोठे खंड पाडलेले असत आणि फिरता काटा जेथे थांबे तो निकाल मानला जाई. ही वंशावळ सोयीची आहे, पण पटणारी नाही. कारण चकती खेळाडूची प्रत ठरवत नाही, त्याची आकडेवारी केवळ अंशांत मांडते. बेब रूथ १९२७ मध्ये ६९१ वेळा फलंदाजीस आला आणि त्याने ६० होमरन मारले. म्हणजे खंड सुमारे ३१ अंशांचा, आणि तो कोनमापकाने कोणालाही आखता येतो.

फाशांचे तसे नाही. ग्रीन बे येथील क्लिफर्ड व्हॅन बीकने १९३० च्या हंगामावर बेतलेल्या ‘नॅशनल पास्टाइम’मध्ये दोन फाशांची बेरीज न करता त्यांचे आकडे दशक आणि एकक म्हणून शेजारी वाचले, त्यामुळे ११ पासून ६६ पर्यंत सारख्याच संभवाची ३६ दाने मिळाली. रूथचे होमरन या ३६ मध्ये बसवायचे तर वाटा ३.१३ दानांचा येतो. तीन दाने देऊन झाल्यावर उरलेल्या तुकड्याचे काय करायचे, हे कार्ड रचणाऱ्याला स्वतःच्या विवेकाने ठरवावे लागते, आणि आकडेवारीहून वेगळी अशी प्रतवारी याच जागी जन्मली, असे मानणे भाग आहे.

लँकेस्टरच्या डिक सीट्झने १९५१ मध्ये ‘ॲपबा’ बाजारात आणला, तेव्हा कार्डांची मांडणी आणि निकालांचे क्रमांक बहुतांशी व्हॅन बीकचेच होते. एकच रचना दोघांना स्वतंत्रपणे सुचली असावी, हा बचाव लटका आहे, कारण सीट्झ तरुणपणी मित्रांसोबत तोच खेळ खेळत असे. ॲपबात काही दानांवर फासे पुन्हा टाकावे लागतात, त्यामुळे छत्तिसाव्या भागाचेही छत्तीस भाग पडतात आणि रूथचा तो तुकडा बऱ्याच अंशी भरून निघतो; पिचरला मात्र ए, बी, सी, डी अशा श्रेणी लावल्या जातात, आणि तेथे मोजमाप संपून परीक्षकाचा निवाडा उघडच सुरू होतो.

हॅल रिचमनच्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ने (१९६१) तिसरा फासा आणून निम्मे निकाल पिचरच्या कार्डाकडे वळवले. क्षेत्ररक्षणाची प्रतवारी मात्र कोणत्याही फाशाने सुटली नाही. जुन्या नोंदींत झेल, फेकीतील साहाय्य आणि चुका मोजलेल्या असल्या तरी जो चेंडू खेळाडूच्या आवाक्यातच आला नाही त्याचा हिशेब त्यांत नसतो, म्हणून १९२७ चा एकच शॉर्टस्टॉप एका कार्डावर उत्तम आणि दुसऱ्यावर साधारण ठरू शकतो, व दोन्ही कार्डे आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात.