गोदावरीचा गाळ आणि पूर्वसमुद्र

नांदेड-लातूरच्या मुलखास समुद्रकिनारा नाही. परंतु आंध्रच्या किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखाशी जी सुपीक भूमी शतकानुशतके वाढत गेली, तिच्या घडणीत या मुलखाच्या काळ्या मातीचा वाटा मोठा आहे. आषाढातल्या पहिल्या लोंढ्याचे पाणी नांदेडच्या घाटावर तांब्यात भरून घटकाभर ठेविले, म्हणजे तळाशी जो चिकट, काळपट थर बसतो, त्याच गाळावर त्या मुखाजवळचे कोरिंगाचे तिवरांचे रान पोसले गेले. हे रान मासळीच्या पिलांना आसरा देते आणि वादळाच्या लाटांचा जोर मोडते. १८३९च्या चक्रीवादळाने कोरिंगा बंदराची जी दैना केली, ती ठाऊक असलेल्यास या रानाचे मोल निराळे सांगावयास नको.

या गाळाची वाट अडविण्यास आरंभ झाला तो निजामी अंमलात. नवाब अली नवाज जंग या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली १९२३ साली गोदावरीच्या उपनदीवर, मांजरेवर, निजामसागर धरणाचे काम सुरू झाले आणि १९३१ साली ते पुरे झाले. पुढे मुख्य गोदावरीवर पोचंपाड येथे १९६३ साली, तर पैठणास १९६५ साली धरणाची कोनशिला बसली. नांदेडजवळचे विष्णुपुरी त्यानंतरचे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सारे न्याय्यच होते, आणि रेल्वेने आणलेल्या पाण्यावर लातूर शहराने २०१६चा उन्हाळा काढलेला पाहिल्यावर धरणांना सरसकट दूषणे देण्याचे धाडस निदान मराठवाड्याच्या माणसाने तरी करू नये. मात्र पाण्याचा हिशेब दफ्तरात चढला, गाळाचा चढला नाही. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाकाठी सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे. १९९०च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही आत आला. किनाऱ्याची झीज भरून काढणारी आवकच अशी आटल्यावर समुद्र भूमी गिळू लागला, त्रिभुज प्रदेशाच्या कडेची तिवरे उन्मळू लागली. इकडे पोचंपाडच्या जलाशयाची मूळची ११२ टीएमसी क्षमता ९०च्या आसपास उतरली, ती याच अडलेल्या गाळाने.

कोरिंगास १९७८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला खरा, पण रानाभोवती हद्द आखल्याने त्याच्या मुळाशी माती येत नाही. ती यावयाची तर पुराच्या आरंभी धरणांची तळदारे उघडून गाळ वाहू दिला पाहिजे आणि पात्रांतील वाळूचा बेसुमार उपसा थांबविला पाहिजे. धरणातला गाळ शिवारात नेऊन टाकण्याची सरकारी योजना २०१७ पासून चालू आहे. तिने हलकी जमीन सुधारते, हे निर्विवाद, परंतु तो गाळ समुद्रास अंतरतोच.

नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर असलेल्या बाभळीच्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र ही दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयात भांडली; २०१३च्या निकालाने १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारे उघडी ठेवणे बंधनकारक झाले. पाण्याच्या वाटणीखातर झालेल्या या बंदोबस्ताने पुराचा गाळही आपसूक बाभळी ओलांडतो, आणि पुढे पोचंपाडच्या फुगवट्यात जाऊन बसतो.