एक ध्वनिवर्धक, अनेक आवाज

१५ सप्टेंबर २०२३ रोजी भारतातील असंख्य मोबाइल फोन एकाएकी मोठ्याने वाजू लागले. पडद्यावर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा संदेश उमटला होता. ती ‘सेल ब्रॉडकास्ट’ या आपत्तिसूचना यंत्रणेची चाचणी होती. पूर, त्सुनामी किंवा भूकंपाच्या प्रसंगी धोक्याच्या टापूतील प्रत्येक फोनपर्यंत एकाच क्षणी इशारा पोहोचवणे, हा तिचा हेतू. ज्यांनी गाण्यांचा आवाज शून्यावर नेऊन ठेवला होता, त्यांचेही फोन त्या दिवशी वाजले. एका इवल्याशा ध्वनिवर्धकातून गाणे निघते आणि इशाराही निघतो; तरी गाणे गप्प असताना इशारा बोलू शकतो. ही गोष्ट आज कोणाला नवलाची वाटत नाही. परंतु तिच्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

रेडिओच्या पहिल्या पिढीला हा प्रश्नच पडला नव्हता. संच एक, केंद्र एक, ऐकू येणारा आवाजही एक. १९२०च्या दशकातील अनेक संचांत निर्वात नलिकेच्या तंतूतील विद्युतप्रवाह कमीजास्त करून आवाज आटोक्यात ठेवला जाई. पुढे बदलत्या रोधाचे बटण आले आणि ‘आवाज लहानमोठा करणे’ म्हणजे ते बटण फिरवणे, असा अर्थ घराघरांत रूढ झाला. याच दशकात बेल टेलिफोनच्या अभियंत्यांनी ‘डेसिबल’ हे एकक रूढ केले. मानवी कान ध्वनीची तीव्रता बेरजेने मोजत नाही, गुणाकाराने मोजतो; म्हणून हे एककही लॉगरिदमवर आधारलेले आहे. ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढली, की त्याची शक्ती दहापट होते. कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. फोनवरील आवाजाची पट्टी आजही याच नियमाला धरून आखलेली असते.

खरा पेच निर्माण झाला तो संगणकामुळे. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालू लागले आणि प्रत्येकाला बोलायचे होते. गाणे रंगात आलेले असताना पत्र आल्याची घंटी दुप्पट आवाजात कानावर आदळावी, हा अनुभव सार्वत्रिक होता. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ने त्यावर उपाय दिला. पडद्याच्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हातून एक छोटी चौकट उघडता येई आणि तीत त्या क्षणी आवाज करणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळी पट्टी दिसे. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गायक, तबला आणि व्हायोलिन यांच्यासाठी वेगवेगळ्या पट्ट्या असतात, तशीच ही व्यवस्था होती.

हे घडते कसे? अंकीय ध्वनी म्हणजे संख्यांची अखंड मालिका. सोळा बिटांच्या ध्वनीत प्रत्येक संख्या −३२७६८ ते ३२७६७ यांच्या दरम्यान असते आणि अशा हजारो संख्या दर सेकंदाला यंत्रातून वाहतात. दोन आवाज एकत्र करायचे म्हणजे दोन मालिकांतील संख्यांची बेरीज करायची. त्यांतील एक आवाज हळू करायचा, तर बेरजेपूर्वी त्याच्या संख्यांना एकाहून लहान अपूर्णांकाने गुणायचे. बेरीज झाल्यानंतर मात्र आवाज वेगळे करणे जवळजवळ अशक्य; दुधात विरघळलेली साखर परत काढण्यासारखेच ते. म्हणून सगळे अवलंबून असते ते एका प्रश्नावर: बेरजेआधीचा तो गुणाकार कोणाच्या हातात आहे?

२००८ मध्ये अवतरलेल्या अँड्रॉइडने या प्रश्नाला संगणकाहून वेगळे उत्तर दिले. त्याने आवाजांची वाटणी कार्यक्रमांनुसार न करता प्रयोजनांनुसार केली. संभाषण, फोनची घंटी, संगीत, गजर, सूचना आणि यंत्रणेचे स्वतःचे आवाज असे प्रवाह ठरले आणि प्रत्येक ॲपने आपला ध्वनी त्यांपैकी एका प्रवाहात सोडावा, अशी रीत पडली. या विचारात शहाणपण होते. झोपणाऱ्याला संगीत नको असते, पण पहाटेचा गजर हवा असतो.

प्रयोजनांनुसार केलेली ही वाटणी कधी अंगावरही येते, हे १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसून आले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंद मालेरची नववी सिंफनी वाजवत होता. अखेरच्या अतिशय हळुवार भागात पुढच्या रांगेतील एका आयफोनचा आवाज घुमू लागला आणि तो काही केल्या थांबेना. संचालक ॲलन गिल्बर्ट यांना वादन थांबवावे लागले. फोनच्या मालकाने तो निःशब्द केला होता. वाजत होता तो गजर, आणि गजराला निःशब्दतेचे बंधन नव्हते. यंत्र त्याच्या नियमाप्रमाणे अचूक वागले होते. तो नियम ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हता, एवढेच.

सभागृहातली ती घटना संकोचाची होती. काहींच्या बाबतीत हाच प्रश्न स्वावलंबनाचा आहे. दृष्टिहीन माणूस फोन वापरतो तो कानांनी. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली हीच त्याची नजर. या क्षेत्रातील एक अग्रणी नाव पुण्याशी जोडलेले आहे. टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुणे विद्यापीठातून गणित आणि मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४च्या त्यांच्या प्रबंधाने गणिती समीकरणे कानांनी ‘वाचण्याची’ पद्धत मांडली. पुढे गुगलमध्ये चार्ल्स चेन यांच्यासमवेत त्यांनी डोळ्यांवाचून फोन वापरता यावा, यासाठीच्या प्रकल्पावर काम केले. २००९ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ हा पडदावाचक दाखल झाला.

परंतु कित्येक वर्षे टॉकबॅकचा आवाज संगीताच्याच प्रवाहातून वाहत होता. गाणे हळू केले, की वाचणारा आवाजही त्याच्यासोबत क्षीण होई. चित्रपट मोठ्याने लावला, की वाचकही ओरडू लागे. डोळस माणसासाठी ही किरकोळ अडचण ठरली असती. दृष्टिहीनासाठी मात्र ते गाणे थांबवण्याचे बटण शोधून देणाऱ्या आवाजालाच गमावणे होते. २०१७च्या अँड्रॉइड ८.० मध्ये पडदावाचकासारख्या साहाय्यक सुविधांसाठी स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला. बेरजेआधीचा आणखी एक गुणाकार, तंत्रदृष्ट्या एवढाच काय तो बदल. परंतु त्याने ऐकण्यावर विसंबलेल्या माणसांना स्वतःची वाट स्वतः शोधण्याची मोकळीक दिली.

त्यानंतरही विभागणी सूक्ष्म होत गेली. २०२३च्या अँड्रॉइड १४ मध्ये फोनची घंटी आणि सूचनांचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या झाल्या. सॅमसंगने ‘साउंड असिस्टंट’द्वारे प्रत्येक ॲपला निराळी पातळी देण्याची सोय केली, नकाशाचा मार्गदर्शक स्पष्ट ठेवून खेळाचा गलका मंद करणे तीमुळे शक्य झाले. प्रत्येक ॲपचा ध्वनी मिश्रणापूर्वी स्वतंत्रच येत असल्यामुळे हे काम अवघड नाही. अवघड आहे तो निर्णय. पट्ट्या वाढल्या तर वापरणारा गोंधळतो आणि कमी ठेवल्या तर निर्णय ॲप बनवणाऱ्यांच्या हाती जातो.

या निर्णयाला आरोग्याचीही बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचा ध्वनी आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानला जातो आणि पातळी वाढत जाते तशी ही मुदत झपाट्याने घटते. एका ॲपचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून सगळाच फोन मोठा करणारा माणूस पुढच्या ॲपचा तडाखा नकळत कानावर घेत असतो.

रेडिओचे बटण श्रोत्याच्या बोटांत होते. फोनमध्ये तेच बटण प्रयोजनांत, ॲपमध्ये आणि सरकारी इशाऱ्यात विभागले गेले. आपत्तीचा इशारा श्रोत्याच्या इच्छेला ओलांडून बोलतो आणि ते योग्यच आहे. कारण तिथे पणाला लागलेला असतो त्याचा जीव. उरलेल्या सर्व आवाजांनी मात्र कान ज्याचा आहे, त्याची परवानगी घेऊनच बोलावे, या दिशेने शंभर वर्षांचा हा प्रवास हळूहळू चालला आहे.