वेळापत्रकातले शेत

शहरालगतच्या वसाहतींत वाढणाऱ्या मुलांना निसर्गाचा अनुभव सहलीतून द्यावा की रोजच्या कामातून, या आजच्या प्रश्नाचे एक उत्तर वर्धा जिल्ह्यात 1937 मध्येच मांडले गेले होते. त्या वर्षीच्या 22 आणि 23 ऑक्टोबरला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला. त्यातून आकाराला आलेली नई तालीम, म्हणजे एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती भाषा, गणित आणि विज्ञान गुंफणारी शिक्षणपद्धती, साडेपाच तासांच्या शाळेतील तब्बल 3 तास 20 मिनिटे हस्तोद्योगाला देत होती; शेती आणि बागकाम हेही त्या हस्तोद्योगांत मोडत होते.

वर्धा हा काळ्या जमिनीचा, कपाशीचा मुलूख असल्याने येथे सूतकताईला ओघानेच अग्रमान मिळाला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, पावसाच्या तोंडावर पेरायची, दिवाळीच्या सुमारास फुटलेली बोंडे वेचायची, सरकी काढून रुई पिंजायची, तिचे पेळू वळायचे आणि टकळीवर सूत काढायचे, या क्रमात माती, कीड, ऋतू आणि हवामान ही धड्याची शीर्षके न राहता कामातील अडचणी बनतात. एका पिकाचा पूर्ण हंगाम पाहिलेल्या मुलाला जे कळते, ते एका दिवसाच्या वनभोजनाने कळणे कठीण.

या योजनेला विरोधही झाला. मुलांनी तयार केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, ही गांधींची अपेक्षा परिषदेतच वादग्रस्त ठरली आणि अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी अशा मालाची कारागिरांशी स्पर्धा होईल, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. तथापि स्वावलंबनाच्या हिशेबावर इतकी चर्चा झाली की मुलाचे मातीशी जडणारे नाते, ही पद्धतीची खरी मिळकत, दुर्लक्षितच राहिली.

शांतिनिकेतनाचा अनुभव गाठीशी असलेले आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य नई तालीम राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम सेवाग्रामात, म्हणजे 1940 पर्यंत शेगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात, चालवत होते. स्वातंत्र्यानंतर परीक्षाकेंद्री शिक्षणापुढे बुनियादी, म्हणजे नई तालीमच्या, शाळा मागे पडल्या आणि सेवाग्रामची शाळाही बंद झाली. वर्धा शहरापासून अवघ्या आठ किलोमीटरांवरील त्याच परिसरात 2005 मध्ये आनंद निकेतन ही शाळा सुरू झाली असून शेतकाम, सूतकताई आणि स्वयंपाक हे तेथे अभ्यासाचेच भाग आहेत.