कामगार, वृत्तपत्र आणि गद्यभाषा : ना. मे. लोखंडे व तिरु. वि. कल्याणसुंदरम

भारतीय भाषांमधील पत्रकारितेचा इतिहास बहुधा राष्ट्रीय चळवळीच्या अंगाने लिहिला गेला आहे. त्यामुळे कामगारांचा प्रश्न हाच ज्यांच्या लेखणीचा मुख्य विषय होता, अशा संपादकांचा विचार वाङ्मयेतिहासात क्वचितच झाला. या दृष्टीने मुंबईचे नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) आणि मद्रासचे तिरु. वि. कल्याणसुंदरम (१८८३–१९५३) यांची तुलना उद्बोधक ठरते.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' १८८० मध्ये लोखंडे यांच्याकडे आले. त्यापूर्वी ते एका कापड गिरणीत भांडारपाल होते. म्हणजे गिरणीचा अनुभव आधी आणि वृत्तपत्र नंतर, असा त्यांचा प्रवास. चेन्नईच्या परिसरातील तुळ्ळम येथे जन्मलेले कल्याणसुंदरम मात्र तमिळचे अध्यापक होते. १९१७ मध्ये अध्यापन सोडून ते 'देशभक्तन' या दैनिकाचे संपादक झाले आणि १९२० मध्ये त्यांनी 'नवशक्ती' काढले. येथे भाषेचा व्यासंग आधी व गिरणीचा परिचय नंतर, असा क्रम दिसतो.

हा क्रमभेद दोघांच्या कार्यपद्धतीतही उतरला. गिरणी कामगारांपैकी बहुसंख्य निरक्षर असल्यामुळे छापील मजकूर एवढेच साधन पुरेसे नव्हते. लोखंडे यांनी त्याला सभा व अर्ज यांची जोड दिली. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध झाले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती व वेळेवर वेतन या मागण्या होत्या. १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. अर्जाचे हे गद्य नेमके, हिशेबी व सत्ताधाऱ्यांना उद्देशून लिहिलेले होते.

मद्रासमध्ये भाषेचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. २७ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. त्यांची भाषणे इंग्रजीत होत आणि श्रोत्यांना ती तमिळमध्ये सांगितली जात. कामगाराचे दुःख अशा रीतीने परभाषेतून त्याच्याकडे परत येत होते. कल्याणसुंदरम यांचे महत्त्व येथे आहे. राजकीय व्यासपीठावर इंग्रजीचे वर्चस्व असताना त्यांनी तमिळला वृत्तपत्राची आणि सभेची समर्थ भाषा केले. त्यांचे गद्य मुख्यतः श्रोत्याला उद्देशून आहे.

तथापि, समान भाषा म्हणजे समान हितसंबंध नव्हे, हे १९२१ मधील बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या संपाने दाखवून दिले. संपात सवर्ण हिंदू व आदिद्रविड कामगारांत फूट पडली, आदिद्रविड कामगार कामावर परतले, पुळियंतोपू भागात हिंसाचार झाला आणि संप फसला. 'कामगार' या एका संज्ञेखाली जातीचे वास्तव झाकले जाऊ शकते, ही मर्यादा त्यातून उघड झाली. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या लोखंडे यांनी श्रम व जात यांचा विचार एकत्रितपणे केला होता. विधवांचे केशवपन करण्यास न्हाव्यांनी नकार द्यावा, यासाठी १८९० मध्ये त्यांनी केलेले प्रयत्न याच विचाराचे द्योतक आहेत. मात्र यावरून मुंबईला जातिभेद जाचत नव्हता, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

पुढील काळात मद्रासच्या श्रमाचा भूगोल बदलला. या गिरण्या १९९६ मध्ये बंद पडल्या. त्याआधीच, १९८४ मध्ये, शहराच्या दुसऱ्या टोकाला तांबरम येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले होते. १९३१ मध्ये विद्युत रेल्वेने शहराशी जोडल्या गेलेल्या या उपनगरात तयार कपडे व इलेक्ट्रॉनिक वस्तू बनविणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग काम करू लागला. गिरणीच्या फाटकापाशी जमणाऱ्या पुरुष श्रोत्यांसाठी घडलेले गद्य या वाचक-स्त्रीला कितपत आपले वाटेल, हा प्रश्न मराठी व तमिळ या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांपुढे आहे. लोखंडे आणि कल्याणसुंदरम यांचे वाचन त्या प्रश्नासह झाले, तरच त्यांची पत्रकारिता चरित्रग्रंथांबाहेर वाङ्मयेतिहासाचा भाग होईल.