माउसने क्लिक केल्यावर विंडो नेमकं काय करते?

आपल्यापैकी अनेकांनी आधी मोबाइल हातात घेतला, कॉम्प्युटर नंतर. मोबाइलवर बहुतेक वेळा एकच अ‍ॅप समोर असतं आणि बोट टेकवलं की काम होतं. पण २०१९ पासून एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होते, एमएस-सीआयटीच्या क्लासमध्येही माउस हातात येतो. आणि ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसात नोकरी लागली, की एकाच स्क्रीनवर एक्सेल, ब्राउझर आणि चॅट अशा तीन-तीन विंडो उघड्या असतात. घाईत पासवर्ड टाइप करून एंटर दाबता आणि तो जातो थेट ऑफिसच्या ग्रुपवर! असं का होतं, ते समजून घेऊया.

क्लिक कुणाला मिळतं?

माउस फक्त एवढंच कळवतो: मी किती सरकलो, कोणतं बटण दाबलं किंवा सुटलं, चाक किती फिरलं. बाण स्क्रीनवर कुठे आहे, याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. क्लिक झालं की ती बघते, बाणाच्या टोकाखाली सगळ्यात वर कोणती विंडो आहे? टेबलावर एकावर एक कागद ठेवलेत आणि तुम्ही वरून पेन टेकवलंत, तर खूण वरच्याच कागदावर उमटते. तसंच हे. मग त्या विंडोचा प्रोग्रॅम ठरवतो, की क्लिक बटणावर झालं, मजकुरावर की रिकाम्या जागेवर.

टायपिंग कुठे जातं?

इथेच खरी गडबड होते. कीबोर्डला बाणाशी काही देणं-घेणं नसतं. अक्षरं जातात ती अ‍ॅक्टिव्ह विंडोत, म्हणजे जिच्याकडे त्या क्षणी 'फोकस' आहे तिच्याकडे. साधारणपणे क्लिक केल्यावरच विंडोला फोकस मिळतो. बाण नुसता वर नेऊन चालत नाही.

विंडोज १० पासून तर अजून एक चकवा आहे. अ‍ॅक्टिव्ह नसलेल्या विंडोवर बाण ठेवून चाक फिरवलं, तरी ती स्क्रोल होते. आपल्याला वाटतं, हीच विंडो चालू आहे. टायपिंग मात्र दुसरीकडेच चाललेलं असतं!

सगळीकडे नियम सारखे नाहीत

विंडोजमध्ये मागच्या विंडोतल्या बटणावर क्लिक केलं, तर ती विंडो पुढे येते आणि सहसा बटणही दाबलं जातं. मॅकवर पहिलं क्लिक बहुतेक वेळा विंडो फक्त पुढे आणतं, बटणासाठी पुन्हा क्लिक करावं लागतं. लिनक्सच्या काही डेस्कटॉपवर बाण नेताच फोकस मिळेल, अशी सेटिंग करता येते.

दाबणं आणि सोडणं

क्लिकचे दोन भाग असतात. बटण दाबताच विंडो पुढे येते, पण 'सबमिट'सारखं काम सहसा बोट उचलल्यावर होतं. चुकीच्या बटणावर दाबलं गेलं? घाबरू नका. बोट न उचलता बाण बाजूला न्या आणि मग सोडा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ते क्लिक रद्द होतं.

डबल क्लिकसाठी विंडोजमध्ये मुळात ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद मिळतो. त्यापेक्षा उशीर झाला तर ती दोन सुटी क्लिकं धरली जातात. हा वेग सेटिंगमध्ये बदलता येतो.

विंडो ऐकतच नसेल तर?

दोन शक्यता आहेत. एक, 'सेव्ह करायचं का?' अशी छोटी चौकट उघडी आहे. तिला उत्तर देईपर्यंत मागची विंडो क्लिक घेत नाही, फक्त 'टुंग' वाजतं. दुसरी, प्रोग्रॅम कामात अडकलाय. अशा वेळी धडाधड क्लिक करू नका. ती क्लिकं रांगेत थांबून नंतर एकदम लागू होऊ शकतात आणि एकच फॉर्म दोनदा जाऊ शकतो.

लक्षात ठेवा

• पासवर्ड टाकण्याआधी लुकलुकणारी उभी रेघ कुठे आहे, ते बघा.
• विंडो पुढे आणायची असेल तर वरच्या पट्टीच्या मोकळ्या भागावर क्लिक करा, मध्ये कुठेही नको.
• विंडो बदलायला ऑल्ट आणि टॅब वापरा, चुकून बटण दाबलं जाण्याची भीती नाही.

थोडक्यात काय, क्लिक जातं बाणाखाली आणि अक्षरं जातात फोकस असेल तिथे. एवढं डोक्यात बसलं, की पासवर्ड ग्रुपवर जाणार नाही!