फँटसी कबड्डी आणि क्रिकेटमध्ये खेळाडू कसा जोखायचा? सूत्र, शीट आणि सावधगिरी

फँटसी खेळ म्हणजे प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंमधून आपण निवडलेला कागदी संघ. खेळाडू मैदानात जे करतो त्याचे ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गुण होतात आणि ज्याच्या संघाचे गुण जास्त, तो जिंकला. हा प्रकार अमेरिकेत १९६२ च्या सुमाराला ओकलंडमधल्या काही मित्रांनी अमेरिकन फुटबॉलवर सुरू केला. इंग्लंडमधली फँटसी प्रीमियर लीग २००२ पासून चालू आहे आणि ती फुकट खेळता येते. आपल्याकडे २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम११ मुळे हा शब्द घराघरात पोचला.

या लेखात आपण तीन गोष्टी बघू: कायदा आता काय म्हणतो, खेळाडू जोखायची पद्धत काय, आणि तीच पद्धत वापरून गावातल्या स्पर्धेसाठी बिनपैशाची लीग कशी चालवायची.

कायद्यानं काय बदललं?

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फँटसी खेळ हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं मत दिलं होतं. पुढची काही वर्षं सगळा धंदा ‘कौशल्य की नशीब’ या वादाच्या आधारावर उभा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ला मंजुरी आणि २२ ला राष्ट्रपतींची सही, असं ते तीन दिवसांत उरकलं.

या कायद्यानं तो वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेनं खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवायला बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत दंड. अशा खेळांचे व्यवहार बँकांनी करायचे नाहीत. नुसतं खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. ड्रीम११ नं पैशाच्या स्पर्धा लगेच थांबवल्या.

फुकट फँटसी खेळायला काहीच अडचण नाही. आणि खेळाडू जोखायची खरी मजा तिथंच आहे, कारण डोकं आकड्यांवर राहतं, खिशावर नाही.

मूळ सूत्र: संधी गुणिले सफाई

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाचा खेळाडू असतो. चेंडू काखेत घेऊन समोरच्या फळीतून वाट काढत धावणं हे त्याचं काम. तिकडच्या नेहमीच्या तक्त्यात १० यार्ड धावलं की १ गुण आणि टचडाउनला ६ गुण. तिथले जुने खेळाडू रनिंग बॅक निवडताना पहिला प्रश्न विचारतात, ‘सामन्यात याच्या हातात चेंडू किती वेळा येतो?’ वेग, ताकद, नाव हे सगळं नंतर.

हाच धडा सगळ्या खेळांना लागू पडतो:

अपेक्षित गुण = संधी × प्रत्येक संधीमागचे गुण

संधी म्हणजे चढाया, खेळलेले चेंडू, टाकलेली षटकं. सफाई म्हणजे त्या संधीचं सोनं करण्याचं प्रमाण. सफाई एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात बरीच खालीवर होते. संधी मात्र प्रशिक्षक ठरवतो, त्यामुळे ती बऱ्यापैकी स्थिर राहते आणि तिचा अंदाज बांधणं सोपं जातं. म्हणून आधी संधी मोजा.

चढाईपटू (रेडर)

कबड्डीतला रेडर म्हणजे आपला रनिंग बॅकच. सामना ४० मिनिटांचा, एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. दोन्ही संघांच्या मिळून साधारण ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४० च्या आसपास. या ४० पैकी आपल्या खेळाडूला किती मिळतात, हे बघायचं.

उदाहरण घेऊ. रेडर ‘अ’ सामन्यात १८ चढाया करतो आणि दर चढाईमागे ०.४ गुण मिळवतो: ७.२ गुण. रेडर ‘ब’ फक्त ८ चढाया करतो, पण दर चढाईमागे ०.६ गुण: ४.८. डोळ्यांना ‘ब’ जास्त चपळ वाटेल, पण गुण ‘अ’ देणार.

चढायांची संख्या कशावर ठरते?

१. बाहेर बसण्याचा वेळ. पकडला गेलेला रेडर संघानं समोरचा गडी बाद करेपर्यंत बाहेरच असतो. बोनस गुणानं कोणी आत येत नाही. म्हणून ज्याच्या संघाचा बचाव भक्कम, तो रेडर लवकर मॅटवर परततो. रेडर निवडताना त्याच्याच संघाचे कोपरारक्षक कसे आहेत ते बघा, हे बरेच जण विसरतात.

२. तिसरी चढाई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. काही संघ या चढाईला ठरलेला माणूस पाठवतात. त्याच्या चढाया कमी असतात आणि धोका जास्त.

३. बोनसवर अवलंबून असणं. बोनस मिळायला समोर किमान ६ बचावपटू लागतात. समोरचा संघ वारंवार ४-५ जणांवर येत असेल, तर बोनसवर जगणाऱ्या रेडरचे गुण आटतात.

४. वाटेकरी. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणनं विजेतेपद मिळवलं ते अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते यांच्यात चढाया वाटून. संघासाठी ते उत्तमच, पण फँटसीवाल्याला कोण चालेल ते ओळखणं अवघड. उलट त्याच हंगामात तेलुगू टायटन्स तळाला राहिले, तरी त्यांच्या चढायांचा मोठा भार पवन सेहरावत एकटा वाहत होता. विजेत्या संघातला रेडर म्हणजे जास्त गुणांचा रेडर, असं समीकरण मांडू नका.

प्रदीप नरवालनं पाचव्या हंगामात (२०१७) ३६९ रेड पॉइंट मिळवले. असा हंगाम सफाईइतकाच चढायांच्या अखंड रतिबावर उभा असतो.

बचावपटू

बचावपटूची संधी समोरच्या संघाच्या हातात असते. त्याच्या बाजूला चढाई आली तरच पकड. त्यामुळे त्याचे गुण रेडरपेक्षा लहरी असतात. साधारण नियम असे:

- कोपरारक्षक मध्यरक्षकापेक्षा जास्त पकडी करतात, कारण घोटा धरायची, मांडी धरायची पहिली संधी कोपऱ्याला मिळते.
- मॅटवर तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एक गुण जादा मिळतो. वारंवार कमी संख्येवर येणाऱ्या संघातला धीट कोपरारक्षक म्हणूनच किमती ठरतो.
- तुमच्या तक्त्यात फसलेल्या पकडीला उणे गुण आहेत का, ते आधी वाचा. असतील तर उतावीळ बचावपटू महागात पडतो.

दहाव्या हंगामात पुण्याच्या मोहम्मदरझा शादलूनं ९९ टॅकल पॉइंट मिळवले. असा बचावपटू सापडला तर त्याला धरून ठेवा. पण दोन सामन्यांत ‘हाय ५’ केली म्हणून कोणालाही शादलू समजू नका.

क्रिकेट: चेंडू मोजा

टी-२० मध्ये डावात १२० चेंडू. सलामीवीराला त्यातले कितीही मिळू शकतात, सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाला कधी कधी दहासुद्धा मिळत नाहीत. दोघांचा स्ट्राइक रेट सारखा असला तरी सलामीवीर पुढे. गोलंदाजाला जास्तीत जास्त ४ षटकं. त्यातली शेवटच्या षटकांत किती, हे बघा. तिथं फलंदाज आडवेतिडवे फटके मारतात आणि विकेट पडतात. धावाही जातात, म्हणून तक्त्यात इकॉनॉमीला उणे गुण आहेत का, ते तपासायचं.

आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला. त्यामुळे पूर्वी फलंदाजी करून दोन षटकं टाकणाऱ्या अष्टपैलूंची षटकं कमी झाली. कागदावर ‘अष्टपैलू’ लिहिलंय म्हणून भुलू नका. गेल्या पाच सामन्यांत त्यानं किती चेंडू टाकले ते बघा.

आता सफाईतला सापळा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातली, मिरे गावची किरण नवगिरे. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ केल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. ताकद वादातीत आहे. पण फँटसीसाठी विचारायचं ते असं: समोर गोलंदाजी कुठल्या दर्जाची होती? पुढच्या सामन्यात ती कितव्या क्रमांकावर येणार? तिच्या नेहमीच्या दहा डावांत काय दिसतं? एका डावावरून सरासरी बांधणं म्हणजे एका पावसावरून उजनी भरल्याचा हिशोब करणं.

सरासरी सारखी, माणूस वेगळा

दोन काल्पनिक रेडरचे सहा सामन्यांतले गुण बघा:

- पहिला: ८, ९, ७, १०, ८, ९
- दुसरा: २, २१, ३, १८, १, ६

दोघांची बेरीज ५१, सरासरी ८.५. पण मध्यक काढला, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घेतला, तर पहिल्याचा ८.५ आणि दुसऱ्याचा ४.५. पाच-सात मित्रांच्या लीगमध्ये पहिला बरा, तो घसरू देत नाही. हजारो संघ असलेल्या स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे जायचं तर कर्णधार म्हणून दुसरा घेण्यात अर्थ आहे, कारण बऱ्याच लीगमध्ये कर्णधाराचे गुण दुप्पट होतात.

किंमतही बघा. १० क्रेडिटचा खेळाडू ४५ गुण देतो, ८ क्रेडिटचा ४०. क्रेडिटमागे दुसरा स्वस्त (५ विरुद्ध ४.५). पण संघात जागा ठरावीक असतात आणि उरलेल्या क्रेडिटचे गुण मिळत नाहीत. म्हणून आधी दोन-तीन स्वस्त, पण नक्की खेळणारे गडी घ्या आणि वाचलेली क्रेडिट मोठ्या खेळाडूवर खर्च करा.

दुखापत आणि शेवटची बातमी

२०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतला २.२६ कोटींना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि अख्खा हंगाम गेला. लिलावाची किंमत ही शाश्वती नसते. क्रिकेटमध्ये अंतिम अकरा नाणेफेकीच्या वेळी, सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी कळतात. संघ आदल्या दिवशी लावा, पण लॉक करण्याआधी ती यादी बघाच.

जेऊरच्या स्पर्धेसाठी स्वतःची लीग

करमाळा तालुक्यातलं जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव, आणि त्यांचा ‘सैराट’ सुरू होतो तोच गावच्या क्रिकेट सामन्यानं. अशा टेनिस बॉलच्या किंवा कबड्डीच्या स्पर्धेवर फुकट लीग चालवायला एक मोबाइल आणि गूगल शीट पुरते.

१. पहिल्या पानावर खेळाडूंची नावं, संघ आणि क्रेडिट. क्रेडिट गावातल्या दोन जाणकारांनी मिळून ठरवावं.
२. दुसऱ्या पानावर प्रत्येक सामन्याची नोंद: चढाया, रेड गुण, पकडी, फसलेल्या पकडी. क्रिकेट असेल तर चेंडू, धावा, षटकं, विकेट, झेल.
३. गुणांचा तक्ता स्पर्धेआधी जाहीर करा आणि मध्येच बदलू नका. भांडणं तिथंच होतात.
४. प्रत्येक खेळाडूपुढे ‘ॲव्हरेज’ आणि ‘मीडियन’ ही दोन सूत्रं टाका.
५. शीट सगळ्यांना फक्त बघायला खुली ठेवा. बदल करायचा अधिकार एकालाच.
६. प्रवेश फी घेऊ नका. विजेत्याला शाल-श्रीफळ पुरे.

चढाया मोजणारा माणूस सामनाभर मॅटजवळ बसवावा लागतो, एवढंच काय ते कष्ट. पण गावाला पहिल्यांदा कळतं की ज्याच्या नावानं शिट्ट्या वाजतात त्याच्यापेक्षा निमूटपणे वीस चढाया करणारा पोरगा संघाला तारतोय.

‘पक्की टीम’ विकणाऱ्यांपासून सावध

बंदीनंतरही परदेशी ॲप आणि टेलिग्रामवरचे ग्रुप ‘आजची पक्की टीम’ विकताना दिसतात. युक्ती सोपी आहे. दहा ग्रुपना दहा वेगळे संघ पाठवायचे, एखादा लागतोच. मग त्याचा स्क्रीनशॉट दाखवून पुढच्या आठवड्याची फी गोळा करायची. हरलेल्या नऊ ग्रुपचे स्क्रीनशॉट कोणी दाखवत नाही.

कौशल्य असलं तरी पैशाचं गणित उलटंच बसतं. समजा, १० जणांनी ५० रुपये भरले आणि चालकानं ७५ रुपये ठेवून ४२५ वाटले. सगळे सारखेच हुशार असतील तर प्रत्येकाचा सरासरी तोटा डावाला साडेसात रुपये. रोज दोन डाव धरले तर महिन्याला ४५० रुपये. आणि हरलेलं भरून काढायला माणूस रक्कम वाढवतो, तिथून उसनवारी सुरू होते.

असल्या ॲपमध्ये पैसे अडकले किंवा फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. खेळायची सवय सुटत नसेल तर टेलिमानस १४४१६ वर मोफत बोलता येतं.

लॉक करण्याआधी पाच प्रश्न

१. हा खेळाडू आज नक्की खेळतोय का?
२. गेल्या पाच सामन्यांत त्याला किती संधी मिळाल्या?
३. त्याचे गुण सातत्यानं येतात की एखाद्याच मोठ्या डावातून?
४. आज समोर कोण आहे, आणि आपलाच संघ त्याला संधी देणारा आहे का?
५. तक्त्यात उणे गुण कशाला आहेत?

पाचांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतील तर तो खेळाडू नावावरून निवडलाय असं समजा आणि यादी पुन्हा बघा.